गमछा पुरत नाही
रीफवर (समुद्रातल्या प्रवाळ खडकांवर) भाल्याने मासे मारताना शार्क चावली तर गमछा गुंडाळून किनारा गाठावा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. मोठी धमनी फाटली तर काही मिनिटांतच माणूस हातचा जातो. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा दांडीवाला पट्टा, होडीत नको, अंगावर हवं. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटर, सांधा सोडून बांधा आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळत राहा. भयंकर दुखतं, म्हणून सोबतचे सैल करतात, तिथेच घात होतो. वेळ लिहून ठेवा. जांघेत पट्टा बसत नाही. तिथे कापड खोल कोंबून दोन्ही हातांनी दाबा. मारलेला मासा कमरेला अडकवू नका, लांब दोरीवरच्या बोयाला (तरंगत्या फुग्याला) लावा. निघण्याआधी घरीच टूर्निकेट एका हाताने बांधायचा सराव करा.