मदत हवी आहे : १९३५ चा ‘कागुया-हिमे’ कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी,

बांबूत सापडलेल्या चिमुकल्या मुलीची, म्हणजे कागुया-हिमेची, जपानी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हातारा बांबूतोड्या तिला घरी आणतो, ती मोठी होते, लग्नाला आलेल्या पाच बड्या उमरावांना अशक्य वस्तू आणायला पिटाळते आणि शेवटी चंद्रावर परत जाते. याच गोष्टीवरचा दिग्दर्शक इसाओ ताकाहाताचा २०१३ चा अ‍ॅनिमेशनपट मी तीनदा पाहिलाय, त्यामुळे तो सुचवू नका!

मला हवाय तो १९३५ चा, क्योतोच्या जे. ओ. स्टुडिओचा. दिग्दर्शक योशित्सुगु तानाका. कॅमेरा एइजी त्सुबुरायाचा, म्हणजे पुढे १९५४ मध्ये ज्याने गॉडझिलाला पडद्यावर चालवलं तोच! माझं सगळं कुतूहल इथेच अडकलंय. मूळ सिनेमा सुमारे सव्वा तासाचा होता आणि तो हरवला असंच सगळे धरून चालले होते. मग २०१५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे त्याची छोटी, साधारण ३३ मिनिटांची प्रत मिळाली.

ही प्रत कुणी पाहिली आहे का? घरबसल्या बघायची अधिकृत सोय आहे, की एखाद्या महोत्सवाचीच वाट बघायची? लंडन किंवा जपानमधल्या कुणाला अर्ज कसा करायचा हे माहीत असेल तर जरूर सांगा. आणि पाहिला असेल तर एवढंच : यातली कागुया शेवटी खरंच चंद्रावर जाते का? गोष्ट फुटली तरी चालेल, मला राहवत नाहीये.