पोर्ट सिक्युरिटी असूनही एआरपी स्पूफिंग कसे होते?

प्रश्न :
आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सिस्को कॅटलिस्ट स्विच आहे. काही दिवसांपासून तेथील इंटरनेट अधूनमधून खंडित होते आणि त्या वेळी एआरपी टेबल (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता कोणता, याची यादी) पाहिल्यास गेटवेच्या (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरच्या) आयपी पत्त्यासमोर राउटरचा नव्हे, तर प्रयोगशाळेतल्याच एका संगणकाचा मॅक पत्ता दिसतो. प्रत्येक पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी लावून एकाच मॅक पत्त्याला परवानगी दिलेली आहे, तरीही हे का घडते? प्रिंटर आणि हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र वगळता सर्वांना आयपी पत्ते डीएचसीपीमार्फतच (पत्ते आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेमार्फत) मिळतात. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
हे एआरपी स्पूफिंगच, म्हणजे खोट्या एआरपी संदेशांनी केलेली फसवणूक आहे. एआरपी आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधते. १९८२ सालच्या या प्रोटोकॉलमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे ‘गेटवे मीच’ असे कोणीही कळवले तरी बाकीचे संगणक ते खरे मानतात. पोर्ट सिक्युरिटी फक्त फ्रेमवरचा (माहितीच्या पाकिटावरचा) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता तपासते आणि तो हल्लेखोराचा स्वतःचा, खराच असतो. खोटी असते ती एआरपी संदेशाच्या आतली आयपी-मॅकची जोडी.

ही जोडी तपासण्यासाठी आधी त्या व्हीलॅनवर (स्विचवरील प्रयोगशाळेच्या आभासी नेटवर्कवर) डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे डीएचसीपी संदेशांवर स्विचची नजर, सुरू करावे आणि डीएचसीपी सर्व्हरकडे जाणारा अपलिंक ‘ट्रस्टेड’ ठरवावा, अन्यथा सर्व्हरची उत्तरे स्विचच अडवील आणि कोणालाच पत्ता मिळणार नाही. कोणत्या पोर्टवर, कोणत्या मॅकला, कोणता आयपी दिला गेला, याची नोंद स्विच बाइंडिंग टेबलमध्ये ठेवतो. डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन याच टेबलशी प्रत्येक एआरपी संदेश ताडून पाहते आणि न जुळणारा टाकून देते. मात्र अपलिंक तिच्यासाठीही स्वतंत्रपणे ‘ट्रस्टेड’ करावा लागतो.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू करू नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. स्नूपिंगपूर्वी पत्ता घेतलेल्या संगणकांची नोंद टेबलमध्ये नसते. ते लीजची (ठरावीक काळासाठी मिळालेल्या पत्त्याची) निम्मी मुदत संपल्यावर नूतनीकरण करतात, तेव्हाच ती होते. टेबल भरल्याची खात्री झाल्यावरच इन्स्पेक्शन लावावे. प्रिंटर आणि बायोमेट्रिक यंत्र डीएचसीपी वापरत नसल्याने त्यांच्यासाठी एआरपी एसीएल (परवानगी असलेल्या आयपी-मॅक जोड्यांची यादी) लिहावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी हजेरीच बंद पडेल. बाइंडिंग टेबल फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) साठवण्याची आज्ञाही द्यावी, कारण वीज जाऊन स्विच पुन्हा सुरू झाला की न साठवलेल्या नोंदी नष्ट होतात.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. इन्स्पेक्शन सुरू केल्यावर एखादे पोर्ट आपोआप बंद पडू शकते का?

उत्तर २ :
होय. अनट्रस्टेड पोर्टवर सेकंदाला १५ एआरपी पॅकेटांची मूळ मर्यादा असते. ती ओलांडल्यास पोर्ट ‘एरर-डिसेबल्ड’ होते. त्या पोर्टमागे छोटा स्विच जोडून अनेक संगणक चालवले असतील, तर मर्यादा विचारपूर्वक वाढवावी. दरम्यान, संशयित मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे स्विचच्या मॅक टेबलमध्ये आजच पाहता येईल. तो संगणक वेगळा काढून तपासावा, पण विद्यार्थ्यावर लगेच ठपका ठेवू नये. असे संदेश मालवेअरही पाठवत असते.