मुलांचा माहितीपट-वर्ग : आपला गणेशोत्सव का नाही?

नमस्कार मंडळी,
लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडजवळच्या हॉलमध्ये शनिवारी मुलांचा जो माहितीपट-वर्ग चालतो, त्याच्या भाड्यात आपल्या मराठी मंडळाचा वाटा आहे. तिथे आपली मुलं युगांडाहून आलेल्या गुजराती आजी-आजोबांच्या मुलाखती घेत आहेत असं कळलं. चांगलंच आहे. पण मग आपलं काय? याच मुलांकडून गणेशोत्सवाचं शूटिंग करून घेतलं तर मंडळाच्याही उपयोगी पडेल.
– श्री.

श्रीदादा,
आरती, लेझीम, मोदकांचं ताट, शेवटी आभार… हे शूटिंग दरवर्षी होतंच, यंदाही होऊ दे. पण त्यात मुलं कॅमेरा धरायला शिकतात, विचारायला नाही. गणपती त्यांच्या घरचाच, त्यामुळे त्यांना त्याबद्दल काही प्रश्नच पडत नाहीत.

मध्यंतरी आपल्या एका आजोबांची मुलाखत वर्गातल्या एका सोमाली मुलाने घेतली. त्याने सरळ विचारलं, "इतक्या कौतुकाने आणता, मग बुडवता कशाला?" आजोबा आधी हसले. मग विसर्जनावरून भीमेच्या घाटावर आले आणि तिथून उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरावर. त्यांची सख्खी नात शेजारी हेडफोन लावून आवाज तपासत होती. त्या घराचं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं! म्हणून वर्गात एक नियम कडक आहे : आपल्या घरच्यांची मुलाखत आपण घ्यायची नाही.

युगांडाचं म्हणाल, तर तो या लेस्टर शहराचा इतिहास आहे आणि आपण याच शहरात राहतो. १९७२च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. तेव्हा इथल्या कौन्सिलने तिथल्या 'युगांडा आर्गस' वृत्तपत्रात जाहिरात दिली की लेस्टरला येऊ नका, जागा नाही. मुलांनी त्या जाहिरातीची प्रत एका बांच्या, म्हणजे गुजराती आजींच्या, हातात दिली आणि कॅमेरा चालू ठेवला. बा म्हणाल्या, "लेस्टर नावाचं गाव आहे हे आम्हाला या जाहिरातीतूनच कळलं." असं वाक्य प्रश्नावलीतून मिळत नाही.
– सु.

सुताई, वर्ग छानच. पण माझ्या मुलाचा चेहरा यूट्यूबवर नको. आणि बा गुजरातीत बोलल्या तर बाकीच्या मुलांना कळतं काय?
– मृ.

मृणालताई,
चेहरे कुठेही जात नाहीत. मुलं कॅमेऱ्यामागे असतात आणि फिल्म फक्त हॉलमध्ये दाखवतो. मुलाखत देणाऱ्यांची लेखी संमती घेतो आणि कच्चा कट आधी त्यांना दाखवतो. ते म्हणाले "हे काढा", तर ते निघतं. यावर मुलं फार चिडतात, चिडू देत. वर्गात थांबणाऱ्या मोठ्यांची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद नाही ना, हे पाहणारी सरकारी तपासणी) झालेली आहे.

भाषा ज्याची त्याची. इंग्रजीत बोलायला लावलं की आजी-आजोबा पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतात. मग घरी आईबाबांना धरून भाषांतर करायचं, मजकूर कागदावर उतरवायचा, पट्ट्या कापायच्या आणि टेबलावर मांडून क्रम लावायचा. संगणकाला हात त्यानंतर. या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि खरं शिक्षणही तिथेच होतं. बाकी तंत्र थोडं : फोन आडवा, प्रत्येक शॉट १० सेकंद हलवायचा नाही, आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न फेकायचा नाही. हे शेवटचं मोठ्यांनाही जमत नाही.
– सु.

सुबाई,
पोरांना सावेदादांबद्दल सांगा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. यांनी विलायतेहून कॅमेरा आणवून १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, म्हणजे आपल्याकडे गोष्टीआधी माहितीपट आला. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेही सावेदादांनी चित्रित केलं. विलायतेहून मायदेशी परतणारा मराठी माणूस! आपण इथे राहिलो, आपल्याला कोण टिपणार?
– काका

काका,
टिपणारी मिळाली आहे. एक पोलिश मुलगी, वय ११. पुढच्या शनिवारी ११ वाजता तुमच्या घरी येते, बरोबर आवाजाला श्रीदादांचा मुलगा. प्रश्न तिचेच, मी आधी पाहिलेले नाहीत. तेवढा वेळ स्वयंपाकघरातला फ्रिज बंद ठेवा, माइकमध्ये घुंई येते. आणि काकूंना सांगा, मुलाखत संपेपर्यंत चहा विचारायचा नाही.
– सु.