कागदच नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर?

चुकीच्या उपचारानं जनावर दगावलं की पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या राज्य पशुवैद्यक परिषदेबद्दल लोक म्हणतात, "परिषद आपल्याच डॉक्टरांना पाठीशी घालते, दोन-चार जणांची नोंदणी रद्द झाली की बाकीचे सरळ होतील." हे म्हणणं मला अर्धंच पटतं. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं राज्य परिषदेला शिस्तभंगाचा अधिकार दिलाय तो नोंदणीकृत पशुवैद्यकांवर. आमच्या जत-आटपाडीकडं रात्री-अपरात्री गोठ्यावर येतो तो बऱ्याचदा पदविकावाला, म्हणजे पशुवैद्यकीची फक्त पदविका घेतलेला, नोंदणीकृत डॉक्टर नव्हे. कलम 30 प्रमाणे राज्य सरकार अशांना किरकोळ उपचारांची परवानगी देऊ शकतं, पण नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. ही देखरेख नेमकी कोण करतं, हे कुणी विचारतच नाही. माझा खरा राग तिथं आहे.

आणि पुराव्याचं काय? आमच्या भावकीत नुकत्याच व्यालेल्या गाईला दुग्धज्वर (अंगातलं कॅल्शियम घटून होणारा आजार) झाला. कॅल्शियम शिरेतून भराभर सोडलं आणि गाय जागेवर गेली. ते सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यायचं असतं. तक्रार करू म्हटलं तर हातात ना चिठ्ठी, ना पावती, आणि शवविच्छेदन न करताच गाय पुरलेली. विमा असता तर निदान पंचनामा तरी झाला असता. त्यात परिषदेचं कार्यालय नागपूरला. दोन वेळच्या धारा सोडून सांगलीच्या माणसानं तिथं जायचं कसं? गोठ्यावरच्या प्रत्येक उपचाराची चिठ्ठी, तीवर औषधाचं नाव, देणाऱ्याचं नाव आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, एवढं आधी सक्तीचं करा.