मदत हवी आहे: सोलरचा बॅकअप हीटर बंद असला तरी आरसीसीबी पडतो

जास्वंद:

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. इथल्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. घरात सासूबाई आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे आखडलेले. सकाळी गरम पाण्याने शेकल्याशिवाय त्यांना पलंगावरून उठवत नाही. म्हणून हा प्रश्न लवकर सुटायला हवा आहे.

गच्चीवर काचेच्या नळ्यांचं २०० लिटरचं सोलर आहे. टाकीत २ किलोवॉटची बॅकअप कॉइल आणि थर्मोस्टॅट. आभाळ आलं की पहाटे तीच लावायची. पाणी बोअरचं, फार जड; नळाच्या जाळ्या पांढऱ्याफटक होतात. कॉइलची वायर गच्चीवरून पाइपातून जिन्यातल्या १६ अँपियरच्या साध्या स्विचला येते आणि तिथून डीबीतल्या (घराच्या मुख्य वीजपेटीतल्या) वेगळ्या एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचला. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे, ३० मिलिअँपियरचा.

दिवाळीनंतर पहिल्यांदा कॉइल लावली तेव्हा पाणी जरा तापलं की आरसीसीबी पडायचा. पुढे पुढे स्विच दाबल्याबरोबर पडायला लागला. आता तर कॉइलचा स्विच आणि एमसीबी दोन्ही बंद असतात, तरी टाकीत पाणी चढवायची मोटर किंवा इस्त्री लावली की अख्खं घर अंधारात. एमसीबी कधीच पडत नाही, पडतो तो आरसीसीबीच. त्याचं टेस्ट बटण दाबलं की नीट पडतो.

गावातल्या वायरमननी मोटर खराब असल्याचं सांगितलं. मोटर शेजाऱ्यांकडे लावून पाहिली, तिथे आरसीसीबी असूनही काही झालं नाही. मग ते म्हणाले, "आरसीसीबी फार नाजूक आहे, काढून थेट जोडून देतो, नाहीतर १०० मिलिअँपियरचा टाकू." मला ते पटलेलं नाही. ज्या पाण्याने म्हातारं माणूस आंघोळ करतं, त्या पाण्यात वीज उतरत असेल तर सांगणारा तेवढा एकच आहे, त्यालाच कसं काढायचं?

बंद असलेली कॉइल आरसीसीबी कशी पाडते, हे कुणी समजावून सांगेल का? आणि दोष कॉइलमध्ये आहे की वायरीत, हे टाकी रिकामी न करता कळेल का?

उंबरठा:

ताई, आरसीसीबी अजिबात काढू देऊ नका. १०० वाला आगीपासून वाचवायला ठीक, माणसाला वाचवायला ३०चाच हवा. आणि हे निस्तरेपर्यंत आजींसाठी माळ्यावरचा बंब खाली काढा.

टेस्टलॅम्प:

जास्वंदताई, तुम्ही लक्षणं ज्या क्रमाने लिहिलीत त्यातच अर्धं उत्तर आहे. आधी तापल्यावर, मग लगेच, आता बंद असतानाही. म्हणजे कुठेतरी इन्सुलेशन दिवसेंदिवस जास्त खचत चाललं आहे.

बंद कॉइलचं कोडं असं. तुमचा जिन्यातला स्विच आणि डीबीतला एमसीबी, दोन्ही फक्त फेज तोडतात. न्यूट्रल कॉइलला जोडलेलाच राहतो. कॉइलच्या तांब्याच्या नळीत मधोमध तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. कोरडी असेपर्यंत ती वीज अडवते, पण नळीला भेग पडली की तीच पूड पाणी शोषून घेते. मग तारेचा टाकीशी, म्हणजे अर्थिंगशी संबंध जोडला जातो. आता मोटर लावली की तिचा परतीचा करंट न्यूट्रलमधून येताना थोडा या वाटेने अर्थमध्ये निसटतो. आरसीसीबी एवढंच बघतो की गेलं तेवढं परत आलं का. ३० मिलिअँपियरची तूट आली की तो पडणारच. त्यात बिचाऱ्या मोटरचा काही दोष नाही, जास्त करंट घेणारं काहीही लावलं तरी हेच होईल.

टाकी रिकामी करायची गरज नाही. शासनाचा परवाना असलेला दुसरा वायरमन बोलवा. मेन बंद करून त्याला डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरून कॉइलची न्यूट्रल वायर सोडवायला सांगा, टोकाला टेप लावून बाजूला ठेवा. मग मेन चालू करून मोटर लावा. आरसीसीबी टिकला तर दोष त्याच लाइनमध्ये. नंतर पुन्हा मेन बंद करून गच्चीवर कॉइलच्या टोकांवरून फेज आणि न्यूट्रल दोन्ही काढा. कॉइलच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटरवर साधारण २६ ओहम दिसायला हवेत. ते बरोबर आले तरी कॉइल चांगली आहे असं समजू नका, कारण तार शाबूत असूनही गळती असू शकते. खरी परीक्षा मेगरची, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राची: ५०० व्होल्टवर कॉइलचं टोक आणि टाकीची बॉडी यांच्यात किमान १ मेगाओहम तरी हवा. वायरही तशीच वेगळी तपासा. गच्चीवरच्या पाइपात पाणी साचून जोड कुजलेले मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहेत.

घरात पाइप प्लास्टिकचे असले तरी निर्धास्त राहू नका, जड पाण्यातून करंट चांगला वाहतो. तोवर त्या टाकीचं पाणी वापरायचं असेल तर फेज-न्यूट्रल दोन्ही सोडवलेले असतानाच.

जास्वंद:

दादा, अगदी तुम्ही सांगितलं तसंच निघालं. नाशिकहून मेगर असलेले वायरमन आले. न्यूट्रल सोडवल्यावर मोटर, इस्त्री, मिक्सर सगळं एकदम लावलं, आरसीसीबी हलला नाही. वायर उत्तम आहे. कॉइलला मात्र मेगरचा काटा शून्यावरच. बाहेर काढली तर क्षाराचा थर बोटाएवढा जाड. तो ठोकून काढल्यावर वळणाजवळ नळी उललेली दिसली, कडेला हिरवट डाग. आता नवीन कॉइल घ्यायची आहे. दुकानदार तांब्याची आणि इनकोलॉयची अशा दोन दाखवतो, दुसरी महाग आहे. या पाण्याला कोणती टिकेल?

टेस्टलॅम्प:

इनकोलॉयचीच घ्या. लोह-निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू आहे, जड पाण्यात तांब्यापेक्षा जास्त टिकतो. क्षार मात्र तिच्यावरही चढणार, म्हणून दरवर्षी थंडीआधी काढून साफ करा. टाकीत गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड असेल तर तोही बघून घ्या, झिजला असेल तर बदला. बसवताना वॉशर नवीन घाला, आणि टाकी पूर्ण भरल्याशिवाय स्विच दाबू नका. जिन्यातला साधा स्विच काढून तिथे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच बसवा. पूर्ण टाकी ३० अंशांनी तापवायला २ किलोवॉटला साडेतीन तास लागतात, तेव्हा पहाटे लावायची तर दोनच्या सुमाराला लावा, आणि आजी न्हाणीघरात जाण्यापूर्वी त्याच डीपीने बंद करा.