शब्दचर्चा: 'बेस मॉडेल क्लास'ला मराठीत काय म्हणावं?

सांजवात
एका छोट्या ओआरएम लायब्ररीची मराठी माहितीपुस्तिका लिहितेय. टेबलातली ओळ प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट म्हणून हाताळता यावी यासाठीची ती लायब्ररी, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेलच. तिच्यात एक बेस क्लास आहे (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा). ग्राहक, बिल, पावती ही सगळी मॉडेल्स त्याच्यापासून निघतात. सेव्ह, डिलीट, शोधाशोध, कुठला कॉलम बदललाय याची आठवण, सगळा कारभार त्याच्याकडे. मी लिहिलं, 'प्रत्येक प्रतिमान पायाभूत वर्गापासून सुरू करावे.' मसुदा एकाला वाचायला दिला. त्याचा प्रश्न: "हा पायाभूत वर्ग किती दिवसांचा असतो?"
हसू नका. शब्द सुचवा.

खडूफळा
वाचकाचं काही चुकलेलं नाही. पायाभूत प्रशिक्षण, पायाभूत सुविधा असं वापरून वापरून ते विशेषण गुळगुळीत झालंय. 'आधारवर्ग' म्हणा. नेमका आहे, आणि समासही नीट होतो.

जुनाट
आधार म्हणजे टेकू हो. पडणाऱ्याला देतात तो. इथे बाकीचे क्लास त्याच्यातून निघतात, त्याला टेकून बसत नाहीत. 'मूळवर्ग' का नको?

अर्धविराम
मूळवर्ग वाचलं की मला वर्गमूळ दिसतं. आणि मुळात दुखणं 'वर्ग'चंच आहे. चारचा वर्ग सोळा, सातवीचा वर्ग, मध्यमवर्ग, शिवाय रक्कम खात्यात वर्ग केली. उद्या पुस्तिकेत 'या वर्गातील नोंदी त्या वर्गात वर्ग कराव्यात' असं वाक्य येणार, लिहून ठेवा. सरळ 'क्लास' म्हणा, म्हणजे कोणी किती दिवसांचा म्हणून विचारणार नाही.
(शिकवणीलाही क्लासच म्हणतात हे आत्ता लक्षात आलं. माघार.)

खडूफळा
दर वेळी 'सरळ इंग्रजी वापरा' हा शेवट ठरलेलाच असेल तर चर्चा कशाला करायची? आधार नको तर 'पाया' घ्या. 'पायावर्ग'. अस्सल मराठी शब्द, संतांच्या तोंडचा.

टोपणनाव
'अस्सल' अरबीतून आलाय, सर. आणि ज्या अभंगात पाया रचलाय त्याच अभंगात इमारतही फळाला आलीय. इमारतही अरबीच. संतांना चाललं ते.
पायाचं म्हणाल तर फारसीत 'पायेह' आहेच.

खडूफळा
पाय आला संस्कृत 'पाद'वरून, पाया त्याचाच विस्तार. फारसीतला पाय आणि आपला पाय चुलतभाऊ असतील, म्हणून आपला तिकडून उसना आणलेला ठरत नाही.

टोपणनाव
चुलतभावांचाच हिशोब करायचा तर 'बेस'ही घरचाच निघेल. ग्रीक 'बासिस' म्हणजे पाऊल, मग पाऊल ठेवायची जागा, मग बैठक. त्याच्या मागचा धातू आणि आपला 'गम्' एकाच मुळाचे.
शिवाय आमच्या आजीच्या तोंडी 'बेस झालं' म्हणजे छान झालं. बेस मॉडेल म्हणजे झकास मॉडेल. मिटलं.

ठिगळ
व्युत्पत्ती चालू द्या, पण कुठल्या बेसबद्दल बोलतोय ते आधी ठरवा. सगळीकडे तो एकाच जातीचा नसतो.
रेल्समध्ये (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) पूर्वी प्रत्येक मॉडेल थेट लायब्ररीच्या बेसपासून निघायचं. 2016 साली पाचवी आवृत्ती आली, तेव्हापासून मध्ये 'ॲप्लिकेशनरेकॉर्ड' नावाचा आणखी एक क्लास असतो, तुमच्या ॲपचा स्वतःचा. म्हणजे बेस दोन झाले, एक लायब्ररीचा, एक आपला. शब्दही दोन लागतील.
एसक्यूएलअल्केमीत (पायथनमधली ओआरएम लायब्ररी) बेसचं मुख्य काम नोंद ठेवण्याचं. त्याच्यापासून निघालेला प्रत्येक क्लास आणि त्याचं टेबल कुठल्या यादीत जाणार ते त्याच्यावरून ठरतं. तो पाया कमी आणि हजेरीपट जास्त.
जँगोत (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) तर गंमतच. तिथे 'मॉडेलबेस' नावाचा क्लास आहे, आणि तो बेस क्लास नाहीच. तो मेटाक्लास, म्हणजे क्लास घडवणारा क्लास. आपण ज्यापासून मॉडेल काढतो त्याचं नाव नुसतं 'मॉडेल'. इंग्रजीतच असा गोंधळ, तिथे मराठीला कशाला धारेवर धरायचं?

जुनाट
मग हा घ्या: 'मूळपुरुष'. वंशावळीत सगळ्यात वर असतो तो. इनहेरिटन्सला वारसा म्हणतोच आपण, रूपक एकाच घरातलं राहील.

अर्धविराम
आदिमाता का नाही?

ठिगळ
पुरुष असो की माता, अडचण तीच. मूळपुरुष कधीतरी होऊन गेलेला असतो. हा बेस ॲबस्ट्रॅक्ट. तो कधी जन्मालाच येत नाही, त्याचं टेबल नाही, त्याची एकही ओळ कुठे साठत नाही.
आणि हे मी ठेच खाऊन शिकलोय. जँगोतच आमच्या सगळ्या मॉडेल्सना 'तयार केल्याची वेळ' आणि 'बदलल्याची वेळ' असे दोन कॉलम हवे होते. मी एक सामाईक क्लास केला, नाव दिलं 'पाया', आणि आतल्या 'मेटा' नावाच्या भागात ॲबस्ट्रॅक्ट लिहायला विसरलो. एकच ओळ. मायग्रेशन (मॉडेल्सप्रमाणे डेटाबेसातली टेबलं बदलणारी फाइल) चालवलं तर पायाचं स्वतंत्र टेबल तयार! बिल, पावती, ग्राहक, सगळ्यांच्या टेबलात नावामध्ये 'पीटीआर' (पॉइंटर) असलेला एकेक कॉलम, पायाच्या टेबलाकडे बोट दाखवणारा. साधं बिल वाचायचं तरी दोन टेबलांचा जॉइन, म्हणजे दोन्हींच्या ओळी जुळवून वाचणं. मायग्रेशन दुसऱ्याने तपासलं होतं. त्याला विचारलं, खटकलं नाही का? तर म्हणाला, "पाया आहे म्हटल्यावर त्याचं टेबल असणारच ना!"
म्हणून माझा पायाला विरोध. पाया जमिनीत असतो, खरा असतो. हा नसतो.

खडूफळा
विसरलात तुम्ही आणि बोल शब्दाला?

ठिगळ
थोडा शब्दालाही. त्यात एसक्यूएलमध्ये 'बेस टेबल' ही वेगळीच चीज आहे: जे खरोखर साठवलेलं असतं ते, व्ह्यू (दुसऱ्या टेबलांवरून नुसतं दाखवलेलं टेबल) नव्हे ते. तिथे आधार, पाया जे काय म्हणायचं ते म्हणा, शोभेल. पण तोच शब्द इथेही लावलात तर दोन अगदी उलट गोष्टींना एक नाव पडेल.

सांजवात
हे मला सुचलंच नव्हतं. मग 'अमूर्त मूळ' असं काही?

टोपणनाव
अमूर्त मूळ! हे पुस्तिकेत की समाधीवर?

वहीखाते
उशिरा आलो. 'वारसा' शब्द मात्र कोणी सोडू नका, तो फार बरोबर आहे, कारण वारशात कर्जही येतं. बेसमध्ये घातलेली प्रत्येक मेथड (क्लासने करायचं काम) खालच्या सगळ्या मॉडेल्सचं एकेक नाव खाऊन बसते. माझ्या टेबलात 'मेटाडेटा' नावाचा कॉलम होता, वर्षानुवर्षांचा. एसक्यूएलअल्केमीने पहिल्याच दिवशी अडवलं, हे नाव राखीव आहे म्हणून. कॉलम तोच ठेवून क्लासमध्ये त्याला दुसरं नाव द्यावं लागलं. सांजवातताई, शब्द कुठलाही घ्या, पण बेसमध्ये भरताना हात आखडता ठेवा.
आणि कॉलम बदललाय पण अजून सेव्ह नाही, अशा ऑब्जेक्टला 'डर्टी' म्हणतात, त्याला काय लिहिलंत?

सांजवात
'मलिन'.

अर्धविराम
मलिन तर चारित्र्य होतं. 'उष्टी नोंद'! कोणीतरी हात लावलाय, अजून संपवलेली नाही.

जुनाट
'खाडाखोड झालेली'.

वहीखाते
कशाला नवे शब्द पाडताय? जुन्या हिशेबनिसांकडे सगळे तयार आहेत. सेव्ह व्हायच्या आधी 'कच्ची नोंद', झाल्यावर 'पक्की'. सेव्ह करणे म्हणजे 'खतावणे'. रोजकिर्दीतून (रोजच्या नोंदवहीतून) खतावणीत (खातेवहीत) गेलं की काम झालं.

ठिगळ
'कच्ची-पक्की' आवडलं. पण फ्लशचं काय? फ्लश केलं की एसक्यूएल डेटाबेसकडे गेलेलं असतं, तरी कमिट (कायमचं शिक्कामोर्तब) होईपर्यंत सगळं मागे फिरवता येतं. ते कच्चं की पक्कं?

अर्धविराम
गद्धेपंचविशीतलं.

जुनाट
फ्लशला 'खतावणे' आणि कमिटला 'पक्की करणे'. दोन कामं, दोन क्रियापदं.

वहीखाते
उलट आहे. खतावलेलं मागे घेत नाहीत. चुकलं तर उलटी नोंद करतात. फ्लश म्हणजे फार तर पेन्सिलने लिहिलेलं.

सांजवात
मंडळी, पुस्तिका सोमवारी द्यायचीय आणि माझा क्लास अजून बिनबारशाचा आहे.

टोपणनाव
'बेस' लिहा, बेस होईल.

खडूफळा
वहीखाते, मूळ शब्द 'किर्द' नाही, 'कीर्द'. दीर्घ. 'रोजकिर्दीतून'मध्ये मात्र ऱ्हस्वच.