मदत हवी आहे: फायबर पडल्यावर सर्व्हर ४जीवर जातो, पण फायबर परत आलं तरी माघारी येत नाही

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी,

गावच्या दूध संस्थेचा सर्व्हर मी बघतो. सकाळ-संध्याकाळ संकलन असतं. कुणाचं किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) किती हे यंत्रावरून थेट सर्व्हरमध्ये उतरतं आणि तिथून भाड्याने घेतलेल्या बाहेरच्या सर्व्हरवर जातं. दहा दिवसांचं बिल तिथेच निघतं, म्हणून नोंद अडकली की लोकांचे पैसे अडकतात.

यंत्र साधं आहे: डेबियन १२, दोन नेटवर्क कार्डं. पहिल्याला फायबरचा राउटर (१९२.१६८.१.१), दुसऱ्याला ४जीचा (१९२.१६८.८.१). फायबर चालू आहे तोवर सगळं त्यावरूनच जावं, कारण ४जीचा डेटा मोजका आहे. फायबर पडलं तर आपोआप ४जी, परत आलं की पुन्हा फायबर.

आधी मेट्रिक (राउटचा क्रम ठरवणारा आकडा) लावले. सिस्टिमडी-नेटवर्कडीमध्ये (नेटवर्क सांभाळणारी सेवा) पहिल्या कार्डाच्या डीफॉल्ट राउटला (बाहेर जायच्या नेहमीच्या वाटेला) १००, दुसऱ्याला २००. नेटवर्क केबल उपसून पाहिली तर लगेच ४जीवर गेला, आणि काम झालं असं वाटलं. पण गेल्या आठवड्यात रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि सर्व्हर जागचा हलला नाही. जाऊन पाहतो तर फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय आणि सर्व्हरच्या पोर्टाजवळचा हिरवा दिवा तसाच आहे. राउटर चालू, मधली केबल शाबूत, म्हणजे सर्व्हरच्या लेखी लिंक चालूच. त्या दिवशी सकाळचं सगळं संकलन वहीत लिहून घ्यावं लागलं.

मग बाँडिंग (दोन कार्डं जोडून एकच असल्यासारखी वापरणं) करून पाहिलं, अॅक्टिव्ह-बॅकअप मोडमध्ये, प्रायमरी म्हणून फायबरचं कार्ड. तेही जमलं नाही.

शेवटी स्क्रिप्ट लिहिली. दर १० सेकंदांनी ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते पाहायचं. सलग तीनदा फेल झालं की फायबरचा डीफॉल्ट राउट काढून टाकायचा. पण ४जीवर गेल्यावर पिंग ४जीवरूनच यशस्वी व्हायचं, स्क्रिप्टला वाटायचं फायबर आलं, आणि ती परत फायबरवर उडी मारायची. रात्रभर हेच चाललं. म्हणून पिंगला -आय देऊन पहिल्या कार्डाचं नाव बांधलं. आता उड्या थांबल्या, पण फायबर दुरुस्त होऊन दोन तास झाले तरी स्क्रिप्टमधलं पिंग "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" म्हणतंय. हाताने राउट टाकला की सगळं सुरळीत. कुठे चुकतंय?

रात्रपाळी:

राउट काढल्यानंतर आयपी राउट शो काय दाखवतं ते टाका. फायबरच्या कार्डावर डीफॉल्ट उरतो का?

कृष्णाकाठ:

नाही. ४जीचा डीफॉल्ट (मेट्रिक २००) आणि दोन्ही कार्डांचे आपापल्या नेटवर्कचे राउट, एवढंच दिसतं.

जुना_अॅडमिन:

मग तिथेच मेख आहे. पिंग तुम्ही कार्डाला बांधलंत, पण त्या कार्डावरून बाहेर जायचा गेटवेच काढून टाकलात. अशा वेळी लिनक्स समजतं की ८.८.८.८ हे त्याच केबलवर शेजारी बसलंय, आणि त्यासाठी एआरपी (केबलवर हा पत्ता कुणाचा, अशी हाक) विचारत राहतं. तिथे उत्तर देणारं कोणीच नाही, म्हणून अनरीचेबल. फायबर चालू असो वा बंद, तुमची तपासणी कायम नापासच होणार.

राउट काढूच नका. १०० आणि २०० हे दोन्ही कायमचे राहू द्या. फायबर पडलं की वरून तिसरा टाका (ईएनपी२एस० म्हणजे ४जीचं कार्ड):

आयपी राउट रिप्लेस डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.८.१ डेव्ह ईएनपी२एस० मेट्रिक ५०

आकडा लहान तो राउट आधी, म्हणून नेहमीची वाहतूक ४जीने जाईल. पण पहिल्या कार्डाला बांधलेलं पिंग मेट्रिक १०० वाल्या राउटने फायबरकडेच जाईल आणि खरी स्थिती सांगेल. फायबर आलं की फक्त ५० वाला काढा. अॅडऐवजी रिप्लेस मुद्दाम लिहिलंय. कार्ड पुन्हा कॉन्फिगर करताना नेटवर्कडी स्वतः न टाकलेले राउट काढून टाकतं, म्हणून ४जीवर असेपर्यंत प्रत्येक फेरीत ही ओळ पुन्हा चालू द्या.

गेटवेला पिंग करून समाधान मानू नका, तो तुमच्याच खोलीतला राउटर आहे. बाहेरचे दोन पत्ते घ्या, ८.८.८.८ आणि १.१.१.१, आणि दोन्ही फेल झाले तरच बंद समजा. जाताना तीन फेऱ्या पुरे, येताना मात्र सलग १२ यश मिळाल्याशिवाय परतू नका. नुकती जोडलेली फायबर पहिली काही मिनिटं येत-जात राहते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

बाँडिंगचं म्हणाल तर ते एकाच नेटवर्कला दोन केबल जातात तिथे उत्तम. प्रायमरी ठरवा, एमआयआयमॉन (किती मिलिसेकंदांनी लिंक तपासायची) १०० ठेवा, पत्ता तोच राहतो. तुमच्याकडे दोन गेटवे आणि दोन वेगळी नेटवर्कं आहेत, तिथे त्याचा उपयोग नाही.

रात्रपाळी:

आणखी एक. राउट बदलला तरी आधीपासून उघडी असलेली टीसीपी कनेक्शनं जुन्या पत्त्यालाच धरून राहतात. डीफॉल्ट सेटिंगला लिनक्स पाठवलेल्या डेटासाठी १५ वेळा पुन्हा प्रयत्न करतं, म्हणजे साधारण १५ मिनिटं. राउट बदलताच नोंदी पाठवणारी सेवा रीस्टार्ट करा, जाताना आणि येतानाही.

कृष्णाकाठ:

दोघांचे मनापासून आभार. तो १५ मिनिटांचा खोळंबा मी पाहिला होता, कारण आज कळलं.

काल संध्याकाळच्या संकलनाआधी चाचणी घेतली. या वेळी नेटवर्क केबलला हात न लावता डब्यातून पिवळी फायबर कॉर्डच काढली आणि टोकाला टोपण लावून ठेवली. लाल दिवा आला, अर्ध्या मिनिटात ४जी सुरू, नोंदी जाऊ लागल्या. कॉर्ड परत लावली, लाल दिवा गेला, पण पाच मिनिटं झाली तरी पिंग फेलच! टीसीपीडंप (कार्डावरून येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर ८.८.८.८ कडून उत्तरं फायबरच्या कार्डावर येताना दिसत होती, तरी पिंग ती मोजत नव्हतं.

जुना_अॅडमिन:

आरपी फिल्टर (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, एक सेटिंग) बघा. तो १ असेल तर उत्तर ज्या कार्डावर आलं, त्याच कार्डाचा राउट सर्वांत वरचा आहे का हे कर्नल तपासतं. वरचा आता ४जीचा, म्हणून उत्तर टाकून दिलं जातं. टीसीपीडंप त्याआधीच पाकीट पाहतं, म्हणून तिथे दिसतं. पहिल्या कार्डासाठी २ करा. ऑल (सगळ्या कार्डांसाठीची सेटिंग) आणि त्या कार्डाची सेटिंग यांतला मोठा आकडा लागू होतो, त्यामुळे तेवढंच पुरेल.

कृष्णाकाठ:

१ च होता. २ केला, आणि बरोबर दोन मिनिटांनी सर्व्हर फायबरवर परतला. सिससीटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगांच्या) फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवलं. आज सकाळच्या संकलनात मध्येच मुद्दाम कॉर्ड काढून पाहिली, रांगेतल्या कुणाचीही नोंद थांबली नाही. नाक्यावरचा फायबरचा जोड अजून कच्चा आहे, तेव्हा पुढच्या पावसात तो गेला की लॉग इथे टाकतो.